निरीक्षणगृहातली शनिवारची तालीम

नाटकवाल्यांकडं किस्से आपोआप साचतात. तालमीचा निम्मा वेळ चहात जातो, आणि चहाचा सगळा वेळ किस्स्यांत! आमच्या ग्रुपमध्ये एकेकाकडं असा साठा आहे की कोणाचा पडदा अडकला, कोणाची मिशी गळून पडली, यावर सहज संध्याकाळ निघून जाते.

माझे किस्से जरा वेगळे आहेत. मी सांगायला लागले की लोक आधी मनापासून हसतात. मग कोणीतरी विचारतं, "पण त्या पोराचं पुढं काय झालं?" तिथं माझी पंचाईत होते. बहुतेकांचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही. आणि ज्यांचं माहीत आहे, त्यांचं सांगावंसं वाटत नाही.

मी पुंडलिकनगरात लहान मुलांचा नाट्यवर्ग चालवते. शनिवारी दुपारी मात्र मी एका निरीक्षणगृहात जाते. कुठल्या, ते सांगत नाही. अठरा वर्षांखालच्या ज्या पोरांवर पोलीस केस झालेली असते, त्यांना केस चालू असताना तिथं ठेवतात. कोणी आठवड्यात जामिनावर घरी जातो, कोणी महिनोन् महिने राहतो. माझ्यासोबत सिद्धार्थदादा असतो. एरवी वाळूजच्या एका कंपनीत फिटर, आणि जयंतीच्या महिन्यात शहरभर भीमगीतांच्या कार्यक्रमात ढोलकीवर. ढोलकी, हलगी, जे हाताला येईल ते वाजवतो.

या पोरांना सरकारी कागदावर 'विधिसंघर्षग्रस्त बालक' म्हणतात. पहिल्यांदा हा शब्द ऐकला तेव्हा सिद्धार्थदादा म्हणाला, "ताई, एवढ्या लांब नावाचं पोरगं हाकेला ओ कधी देणार?"

•

नावावरून आठवलं.

या पोरांची खरी नावं बाहेर सांगायची नसतात, तसा कायदाच आहे. म्हणून पहिल्याच दिवशी मी म्हटलं, "आपण प्रत्येकानं नाटकातलं एक नाव घेऊ. तुम्हाला आवडेल ते घ्या."

झालं! एक टायगर झाला, एक डीजे झाला. एकानं 'वकील' नाव घेतलं. मी विचारलं, "वकीलच का रे?"

"माझा वकील मी अजून बघितलाच नाय मॅडम. म्हटलं, आपणच व्हावं!"

सगळे खो खो हसले. मागं एक किडकिडीत पोरगा गप्प बसला होता. त्याला विचारलं, तर म्हणाला, "माझं खरं नावच राहू द्या."

"का रे, दुसरं आवडत नाही?"

"तसं नाय. इथं आडनावानं बोलवतात. घरी आई 'मेल्या' म्हणते, पोरं 'काळ्या' म्हणतात. खरं नाव कोरंच पडलंय मॅडम. जरा वापरू द्या की!"

मग आम्ही ते भरपूर वापरलं. दर शनिवारी मुद्दाम त्याला लांबून हाक मारायचो, आणि तो हाकेला इतका छान वळून बघायचा! फार सुंदर नाव होतं. मला ते इथं लिहिता येत नाही.

•

नाटकाच्या शिबिरात एक खेळ हमखास घेतात. जोडीतल्या एकानं डोळे मिटायचे, दुसऱ्यानं त्याचा हात धरून त्याला फिरवायचं. एकमेकांवर विश्वास बसावा म्हणून. माझ्या वर्गातल्या सात वर्षांच्या पोरी सुद्धा मजेत खेळतात.

इथं मी म्हटलं, "चला, डोळे मिटा."

एकानंही मिटले नाहीत.

मला वाटलं, लाजतायत. मी पुन्हा सांगितलं. तेव्हा टायगर अगदी समजुतीच्या सुरात म्हणाला, "मॅडम, डोळे मिटले की बसते. कुठून बसली ते पण कळत नाय."

सिद्धार्थदादानं ढोलकी बाजूला ठेवली, स्वतःचे डोळे घट्ट मिटले आणि हात पुढं केला. "घ्या, मला फिरवा. मी बघणार नाय."

पोरं एकदम खुलली. सात-आठ जणांनी मिळून त्याला धरला, अंगणातून फिरवला, पायरी आली की "दादा, पाय उचला!" असं ओरडून सांगितलं, नळाजवळच्या चिखलातून जपून नेला. एकदाही ठेच लागू दिली नाही. शेवटी थांबवलं आणि म्हणाले, "आता उघडा डोळे!"

दादा मेन गेटसमोर उभा होता. नाक लोखंडाला टेकलेलं.

"इथं का आणलं रे?"

डीजे म्हणाला, "तुम्ही बाहेरचे हैत ना दादा. म्हटलं, तुम्हाला बघून उघडतं का बघावं!"

•

हलगीचा किस्सा छोटा आहे.

दादानं हलगी आणली, तर तिथले अधीक्षक साहेब म्हणाले, "काड्या आत न्यायच्या नाहीत. कोणाच्या डोळ्यात घातली तर जबाबदारी कोणाची?" दादानं पोरांना बोटांनी हलगी शिकवली. पुढच्या शनिवारी साहेब म्हणाले, "त्या हलगीला लोखंडी कडं आहे. ती पण नको." दादानं मांडीवर, जमिनीवर आणि पत्र्याच्या डब्यावर शिकवलं. पोरं असला ठेका धरायची की अंगावर काटा यावा!

साहेब पुन्हा बाहेर आले. दादा हसत म्हणाला, "साहेब, आता हातात काहीच नाय. आता कशाला बंदी घालणार?"

साहेबांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "आवाजाला."

•

एकदा मी म्हटलं, आपण कोर्टाचा प्रसंग करू. त्यांच्या रोजच्या बोलण्यातलाच विषय. सगळ्यांना पोलीस व्हायचं होतं. त्याच्या खालोखाल जज. चोर व्हायला एक जण तयार होईना!

"मी नाय मॅडम, मी निर्दोष आहे," एक जण म्हणाला.

"अरे, नाटकात!"

"नाटकात पण निर्दोषच आहे."

शेवटी सिद्धार्थदादा चोर झाला. टायगर जज. त्याला माझी ओढणी अंगावर घ्यायला दिली आणि एकुलत्या एक खुर्चीवर बसवलं. समोर सतरंजीवर दादा, आणि त्याच्या बाजूला एक जागा पालकांसाठी मोकळी सोडलेली. हे सगळं पोरांनीच मांडलं.

टायगरनं घसा खाकरला. "नाव?" दादानं सांगितलं. "वय?" दादा म्हणाला, "पंधरा!" हशा पिकला.

"पालक आलेत का?"

दादा आपल्या मनानं बोलून गेला, "नाय साहेब. नाय आले."

सगळ्या पोरांनी त्या मोकळ्या जागेकडं बघितलं. दादालाही कळेना आपण काय चुकीचं बोललो.

टायगरनं विचारलं, "का नाय आले?"

"कामावर गेलेत."

"सुट्टी नाय घेता येत?"

"नाय देत साहेब शेठ."

टायगर ओढणी सावरत खुर्चीवरून उतरला आणि दादाच्या शेजारच्या मोकळ्या जागेवर जाऊन बसला. इन्स्पेक्टर झालेला पोरगा वैतागला. "अबे, जज कधी चोराच्या बाजूला बसतो का! सगळं नाटक बिघडवलं!"

"मग इथं कोण बसणार?" टायगर त्याच्यावर खेकसला. "तू?"

•

मातीकामाच्या दिवशी मी म्हटलं, "आपल्या घरची एखादी वस्तू करा." कुंभाराकडून मऊ, छान मळलेली माती आणली होती. मला वाटलं बैल होतील, चूल होईल, एखादा ट्रॅक्टर.

डीजेनं मोबाईल केला. कॅमेऱ्याच्या भोकासकट! त्याचं बघून दुसऱ्यानं केला, मग तिसऱ्यानं. बघता बघता सगळ्या अंगणात मोबाईलच मोबाईल. आणि फोन सुरू झाले.

"हॅलो, हौ अम्मी, खाना खाया. नै, अच्छा है यहां. तू रो नक्को."

"ए भावड्या, माझी सायकल कोण चालवतं रे? हवा भर तिच्यात!"

"हॅलो, पप्पा हैत का? नसतील तर आईला द्या. असतील तरी आईलाच द्या."

मी आणि दादा आधी हसत होतो, मग हसणं बंद झालं. एक पोरगा मात्र मोबाईल कानाला लावून नुसताच बसलेला. गंगापूरकडचा होता. मी म्हटलं, "तू बोल की रे."

"रिंग जातीया मॅडम. कोणी उचलंना."

तेवढ्यात शेखचाचा आले. हे तिथले काळजीवाहक. पोरांना उठवण्यापासून जेवू घालण्यापर्यंत सगळं तेच बघतात. हातात घमेलं. "मॅडम, मोबाईल अलौड नै है."

"चाचा, मातीचे आहेत!"

"मिट्टी के भी नै. सोमवार को बडे साब लोगां आनेवाले. देखे तो मेरेकू पूछते, ये बच्चों को मोबाईल बनाना कायकू सिखाये."

त्यांचा तरी काय दोष! पोरांनी एकेक करून मोबाईल घमेल्यात टाकले. चाचा गंगापूरच्या पोरापाशी आले. त्यानं हात वर केला आणि हळूच म्हणाला, "चाचा, दोन मिनिटं थांबा. आत्ताच उचललाय तिनं."

शेखचाचा घमेलं घेऊन उभे राहिले. त्याचं बोलणं संपेपर्यंत.

•

भिंतीचा किस्सा सांगताना मला अजून त्रास होतो.

मागच्या लांब भिंतीवर पोरांनी महिनाभर खपून रस्ता काढला होता. एकच मोठा रस्ता, आणि त्याला प्रत्येकाच्या घराकडं जाणारा फाटा. कोणाच्या फाट्यावर बुद्धविहार, कोणाच्या फाट्यावर मशिदीशेजारचं पंक्चरचं दुकान. एकानं छावणीच्या बाजारातला बकऱ्यांचा कळप काढला होता. बकऱ्या सगळ्या कुत्र्यांसारख्या झाल्या होत्या, पण ते त्याला सांगायची कोणाची हिंमत नव्हती!

एका शनिवारी गेले तर भिंत पांढरीफेक. पाहुणे येणार म्हणून सगळीकडं चुना मारलेला. मारला कोणी? पोरांनीच! अंगावर, केसांवर चुन्याचे शिंतोडे घेऊन बकऱ्यांवाला पळत आला.

"मॅडम, दोन-दोन हात मारले! खालचं काहीच दिसत नाय. कसा बसलाय रंग?"

त्याला शाबासकी हवी होती. मी म्हटलं, "भारी बसलाय."

संध्याकाळी पाहुणे आले, एक मोठे अधिकारी. चांगला माणूस वाटला. पोरांशी हात मिळवला, चॉकलेटं दिली. मग त्या भिंतीसमोर थांबले आणि मला म्हणाले, "मॅडम, तुम्ही कलावंत ना? एवढी मोठी भिंत रिकामी! मुलांकडून काहीतरी काढून घ्या की हिच्यावर."

मी मान डोलावली. बकऱ्यांवाला माझ्या मागंच उभा होता. माझी ओढणी ओढून कुजबुजला, "मॅडम, सांगू का त्यांना? खाली आहे म्हणून?"

•

सुटून गेलेली पोरं भेटतात का, असं लोक विचारतात. क्वचित भेटतात.

गुलमंडीत एका चपलांच्या दुकानात शिरले. समोर वकील! आता चांगला उंच झालेला, केस नीट कापलेले, अंगात दुकानाचा टी-शर्ट. माझ्या तोंडून "अरे!" निघालं, आणि त्याच क्षणी त्याचा चेहरा बघून मी गप्प झाले.

गल्ल्यावरून मालकानं विचारलं, "का रे, ओळखीच्या आहेत का?"

"नाय शेठ," तो म्हणाला. आवाज जराही हलला नाही. "या मॅडम, बसा. पहिल्यांदाच आल्या का आपल्याकडं?"

"हो, पहिल्यांदाच," मी म्हटलं.

"कोणत्या एरियातून आल्या?" असं विचारत त्यानं डबे काढले. माझ्या पायापाशी बसला, चप्पल घालून दाखवली, "चालून बघा मॅडम, टोचते का?" म्हणाला. मी दुकानात इकडून तिकडं चालले. आम्ही दोघं अनोळखी माणसांसारखे हवापाण्यावर बोललो. मला चपला नको होत्या, पण घेतल्या.

बाहेर पडून थोडी पुढं गेले तर तो मागून पळत आला. "मॅडम, तुमची जुनी जोडी राहिली!" पिशवी हातात देताना इकडंतिकडं बघून म्हणाला, "मॅडम, जरा ओव्हर झालं का?"

"नाही रे. एकदम नॅचरल."

तो हसला, अगदी पूर्वीसारखा. आणि म्हणाला, "मग परत येऊ नका मॅडम. रोज रोज नाय जमायचं."

•

आता विक्रमचं सांगते.

विक्रम हे त्यानं घेतलेलं नाव. फुलंब्रीच्या पुढच्या एका खेड्यातला, घरी थोडी शेती. चोरीच्या मोटरसायकलवर सापडला होता. चालवत होता मोठा चुलतभाऊ, हा मागं बसलेला. "दादानं बस म्हटलं, बसलो," एवढंच सांगायचा.

मी इतकी वर्षं नाटक करतेय, पण असा नट फार कमी बघितला. शहरात पोराला भेटायला आलेला आणि पत्ता विसरलेला एक म्हातारा, अशी आमच्या नाटकातली त्याची भूमिका होती. सोळा-सतरा वर्षांचं पोरगं, पण गुडघ्यावर हात ठेवून असा उठायचा, रस्त्यावरच्या माणसाला अशी विनवणी करून विचारायचा, की शेखचाचा तालीम चालू असली की भांड्यांचं काम सोडून येऊन बसायचे. एकदा म्हणाले, "ये लडके में बुढ्ढा कहां से आया?"

विक्रम म्हणाला, "माझा आजा हाय चाचा तो. मी नुसता त्याला आत घेतलाय."

प्रयोग शनिवारी चार वाजता ठरला. आणि त्याच दिवशी दुपारी त्याच्या जामिनाची ऑर्डर आली. आई गेटपाशी येऊन उभी होती, हातात पिशवी, पिशवीत त्याचा धुतलेला शर्ट.

तो अधीक्षक साहेबांकडं गेला. "साहेब, मला चारनंतर सोडा ना. नाटक झालं की जातो."

साहेब चाट पडले. "अरे, लोक इथून सुटायला धडपडतात! ऑर्डर आल्यावर मी तुला एक तास तरी कसा ठेवू?"

आई म्हणाली, "चल लेकरा, गाडी निघून जाईल." तो गेला. त्याचं काम सिद्धार्थदादानं हातात कागद धरून केलं.

दोन रविवारांनी तो पुंडलिकनगरात माझ्या वर्गाच्या दारात उभा! एसटीनं आला होता. मी त्याला आत घेतलं. माझ्या वर्गातली इंग्रजी शाळेतली पोरं त्याच्यावर फिदा झाली. त्यानं सगळ्यांना म्हातारं चालायला शिकवलं. एक चिमुरडी तर घरी गेल्यावरही म्हातारीसारखीच चालायची. दर रविवारी "विक्रमदादा आला का?" हा पहिला प्रश्न.

मग एका पालकांना कुठूनतरी कळलं. कोणीतरी ओळखीचं पोलीस स्टेशनात होतं म्हणे. चार-पाच जण मला भेटायला आले. आवाज कोणीच चढवला नाही. "मॅडम, आमचा विरोध नाही हो. त्याचं चांगलंच व्हावं. पण वर्गात मुली आहेत, तुम्ही समजून घ्या."

मी म्हटलं, "तो येणार. ज्यांना चालणार नाही त्यांनी मुलांना पाठवू नका."

पुढच्या रविवारी तो दारात आला आणि थबकला. आत तीनच मुलं होती. त्यानं त्या तिघांना घेऊन मनापासून तालीम केली, म्हाताऱ्याचं सगळं काम करून दाखवलं. जाताना म्हणाला, "मॅडम, रविवारची आमच्याकडली एसटी बंद झालीया. आता नाय जमायचं."

मी त्याला स्कूटीवर स्टँडवर सोडायला गेले. फुलंब्रीची गाडी लागलेलीच होती. आम्हा दोघांनाही दिसली. तो गाडीत चढला आणि पलीकडच्या खिडकीशी जाऊन बसला.

त्यानंतरच्या रविवारी वर्ग पुन्हा भरला. मी कॉलेजच्या एकांकिकेसाठी त्याचं नाव सुचवलं, दोन-तीनदा फोन लावला. नंबर बंद.

मध्ये एक पावसाळा गेला. परवाच्या शनिवारी आम्ही निरीक्षणगृहात पोचलो. पोरं अंगणात रांगेत बसली होती. सिद्धार्थदादा ढोलकीची दोरी ताणत होता, त्याचा हात तिथंच थांबला. मी त्याच्या नजरेच्या दिशेनं बघितलं.

विक्रम. ओठांवर मिसरूड फुटलेलं, खांदे रुंद झालेले. आम्हाला बघून उठला, पँटची माती झटकली आणि हसत समोर आला. मी काय विचारणार होते कोण जाणे. त्यानं मला बोलूच दिलं नाही.

"मॅडम, म्हाताऱ्याचं काम सगळं पाठ आहे अजून. यंदा मलाच द्या," तो म्हणाला. "या टायमाला जामीन लवकर होत नाय म्हणत्यात."